संकष्टीची यादी

मेसच्या खिडकीबाहेर रात्रीच्या आभाळात ढग दाटलेत आणि आज ते मला फार आवडताहेत.

आमच्या पुरोगामी कॉलेजात संकष्टी करणारी मी एकटी. मागच्या महिन्यात उपासाच्या यादीत माझं एकटीचं नाव बघून मैत्रेयी म्हणाली होती, "कुठल्या शतकात राहतेस गं?" सगळं टेबल हसलं होतं. दुसऱ्याच्या मताचा आदर करावा, यावर त्याच टेबलावर तासन्‌तास चर्चा चालते. माझं मत तेवढं त्यात कधी बसत नाही.

आज दुपारच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी मैत्रेयीसकट अकरा जणींनी उपासाच्या यादीत नावं घातली आणि खिचडी चापली. मी शांतपणे मेसच्या काकूंना सांगितलं, "यादीतल्या सगळ्यांचे उपास आहेत हं. रात्री चंद्र दिसल्याशिवाय कुणाला जेवायला वाढू नका." काकू संकष्टीच्या पक्क्या. त्यांनी पातेली झाकून ठेवली.

"आम्ही कुठे मानतो हे?" रिकामं ताट पुढे घेऊन मैत्रेयी करवादते.

"नाव तूच लिहिलंस ना?"

भूक मलाही लागलीय. पण ते हसणं आठवलं की ती जरा मागे सरते.

इतक्यात ढगांच्या फटीतून चंद्र डोकावतो. मी मनातल्या मनात गणपतीची क्षमा मागते आणि खिडकीचा पडदा ओढते.

"अजून नाही गं दिसत."