नव्या मालकाला लावलेल्या मिशा

आता हसू नका हं! आमची अख्खी कंपनी विकली जायची होती, त्याच दिवशी मी जो घोळ घातला, तो ऐकाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, नाशकात लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगपासून सुरुवात केली. मग केबलवर स्वतःचं चॅनल काढलं. आणि बघता बघता गंगापूर रोडला बंगला भाड्याने घेऊन चक्क पौराणिक मालिका सुरू केली! मी तिथे कपडे सांभाळायची. म्हणजे काय, देवांची पितांबरं धुण्यापासून राक्षसांना शिंगं बसवण्यापर्यंत सगळं मीच.

मालिका चालली, पण अण्णांचा दम संपला. तेवढ्यात मुंबईची एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला तयार झाली. त्यांचे साहेब पाहणीला येणार होते.

"सुनंदाताई," अण्णांनी बजावलं, "साहेब खूश झाले तर आपण सगळे तरलो. नाहीतर परत लग्नं!"

नेमका त्याच दिवशी आमचा राक्षस तापाने आडवा. बदली माणूस मालेगावहून येणार होता.

सकाळी दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे. चुरगळलेला शर्ट, तांबारलेले डोळे, घामाने निथळताहेत.

"वाटेत गाडी बंद पडली," ते म्हणाले.

एसटीचं हे नेहमीचंच! "चला चला, आधीच उशीर झालाय," म्हणत मी त्यांना आत ओढलं.

अंगावर भरजरी शेला टाकला. ते संकोचून म्हणाले, "अहो, एवढं स्वागत कशाला?" मी मुकुट चढवला. "वा! नाशिकची पद्धत वेगळीच दिसते!" मिशा चिकटवल्यावर मात्र जरा गडबडले.

"हे... सगळ्याच पाहुण्यांना करता?"

"नाही हो, फक्त राक्षसांना!"

ते खो खो हसले. मालिका कशी बनते ते आम्ही दाखवतोय, अशी त्यांची समजूत! मी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "आता जोरात ओरडा! तिन्ही लोक माझे आहेत, म्हणा!"

काय ओरडले म्हणता! शेजारच्या बंगल्यातला कुत्रा गाडीखाली शिरला.

इकडे अण्णांच्या खोलीत काय चाललं होतं? कडक इस्त्रीचा सफारी घातलेला, अत्तर लावलेला एक माणूस काजू खात बसला होता. अण्णा तासभर त्याला कंपनीचं कौतुक सांगत होते आणि तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. शेवटी अण्णांनी हात जोडले.

"मग साहेब, काय ठरलं?"

"ठरायचं काय? मना सीन कव्हय शे?"

माझा सीन कधी आहे, म्हणे, आणि तेही मालेगावकडच्या अहिराणीत! अण्णा अनवाणीच बाहेर धावले! राक्षसाकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. "सुनंदाताई... अहो, हेच साहेब!"

मी घाबरून मिशांना हिसका दिला. गोंद माझ्याच हातचा, पक्का! साहेबांनी अशी किंकाळी फोडली की दिग्दर्शक ओरडला, "अरे, हा टेक ठेवा!"

पण साहेब मनाने मोठे. गाल चोळत चोळत त्यांनी कंपनी घेतली, सगळ्यांना कामावर ठेवलं. महिन्याभराने मला बोलावलं. म्हणाले, "ताई, तुम्हाला बढती द्यायची म्हणतोय."

मी पदर सावरला. कपडेपट प्रमुख! आणखी काय असणार?

"मालिकेत राक्षसाची बायको आणायची आहे. तुम्ही करा. मेकअपचा खर्च वाचेल."