मुकादमाचा पेढा

पेडगावच्या कमलबाईंनी अठरा हंगाम ऊस तोडला. गुडघे गेले तेव्हा कोयता सुनेच्या हाती गेला आणि त्या नात सांभाळायला घरी राहिल्या.

दिवाळी उरकली होती. मुलगा आदिनाथ आणि सून प्रियंका सकाळी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघणार होते. आदल्या दुपारी सात वर्षांची भक्ती धावत आली, भाकरीचा तुकडा आजीच्या पायांपुढे टाकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उचल राणी, भुकेला लाज नसती."

कमलबाईंनी तिचे कमरेवरचे हात खाली घेतले. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर टोळीचे मुकादम योगीराजकाकांनी. उद्या निघताना नारळ फुटला की भक्तीने मम्मीपुढे पेढा टाकून हेच म्हणायचं, काका मोबाइलवर रील काढणार. सगळे पोट धरून हसतात, पण ही राणी कोण ते कुणी सांगत नाही, अशी तिची तक्रार.

मग कमलबाईंनी सांगितलं. त्या नव्या नवरी असताना देवगाव फाट्यावर तंबूत एक सिनेमा आला होता. त्यात दुष्काळ पडतो. राणी नावाची बाई सावकाराच्या दारी येते. तो तिच्यापुढे भाकर मातीत फेकतो आणि हे म्हणतो.

"मंग ती काय करती?"

"उचलती. अन् तंबूतले गडी शिट्ट्या वाजवतेत."

"पण ते पिच्चरच हाय ना," भक्ती म्हणाली आणि तुकडा पुन्हा उचलायला वाकली. नेम धरायचा सराव तिला करायचा होता.

एवढ्यावर भागणार नव्हतं. कमलबाईंनी तिला जवळ ओढलं. योगीराजचा बाप दत्तराव तेव्हा मुकादम होता. त्यानेही तो सिनेमा पाहिला होता. हंगामातली उसाची पहिली मोळी पुजली की तो प्रसाद वाटायचा. पुरुषांच्या हातावर ठेवायचा आणि बायकांपुढे खाली उसाच्या पाचटात फेकायचा, तेच बोल बोलून. प्रसाद पायदळी जाऊ द्यायचा नसतो, हे त्याला चांगलं ठाऊक. बायका वाकायच्याच. टोळी हसायची, नवराही हसायचा.

"तू बी उचलला?"

"अठरा वर्सं."

"आन् तंबूत, राणीनं उचलली तवा तू काय केलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हसले," कमलबाई म्हणाल्या. "समद्यांपरीस मोठ्यानं हसले."

भक्तीने नाक मुरडलं आणि आजीच्या मांडीवरचा आपला हात काढून घेतला. कमलबाईंनी तिला परत ओढलं नाही. मुकादमाची किळस तर जुनीच होती. आज त्यांना स्वतःच्या त्या हसण्याची शिसारी आली.

सकाळी ट्रकपुढे नारळ फुटला. योगीराजने भक्तीच्या मुठीत पेढा दिला आणि मोबाइल वर धरला. प्रियंका आधीच गुडघ्यावर बसली होती, पदर सावरून हसत. मुकादमाने सांगितलं, बसली. सगळा हंगाम त्याच्याच हाताखाली काढायचा होता.

"टाक की गं," ती लेकीला म्हणाली. "गाडी सुटायलीय."

"मम्मे, उठ."

"अगं, गंमत हाय."

"न्हाई. उठ आधी."

योगीराज हसला, मोबाइल बंद केला नाही. पोरगी लाजायलीय म्हणाला, आणि शेजारच्या छोट्या नीलमला बोलावलं. नीलमने दुसरा पेढा टाकला आणि ते बोल न अडखळता म्हणाली. दुसरी एक बाई वाकली, पेढा उचलून कपाळाला लावला, आणि सगळे हसले. प्रियंका उठून ट्रकमध्ये चढली ती भक्तीकडे न बघता. तिला पोरीचा रागच आला होता. मुकादमापुढे आपली शोभा केली म्हणून.

ट्रक गेला. भक्तीने पेढा खाल्ला नव्हता. मुठीत त्याचा लगदा झाला होता. कमलबाईंनी पाण्याचा तांब्या आणला आणि तिचा हात धुऊन दिला. सगळ्या बोटांच्या बेचक्यांतून.