पावणेसहा वार आणि दहा फूट

हे अनंता, तुला कोणत्या मापाने मोजावे? मोजणारे हात तुझेच, मोजताना गोंधळणारे मनही तुझेच. तुला वंदन करून यमुनाबाईंची कथा सांगतो.

यमुनाबाई मूळच्या साताऱ्याच्या. लखनौला, गोमती नगरात, तीस वर्षे शिवणयंत्र चालवून त्यांनी संसाराला हातभार लावला. आता लेक देविकाचे लग्न आठ दिवसांवर आले होते, आणि मंडपात चिकनकामाची, म्हणजे लखनवी भरतकामाची, पिवळी नऊवारीच नेसायची, हे तिने मनात धरले होते. चिकनकामाचे सलग नऊ वार कोण करून ठेवतो? म्हणून दोन तुकडे जोडायचे ठरले. पहिला पावणेसहा वारांचा; तो मोजून कांजीसाठी धोब्याकडे गेला होता. दुसऱ्यासाठी चौकातल्या कापडाच्या दुकानातून दुकानदार ऋषभचा फोन आला.

"आंटी जी, वही बूटी, वही रंग. पूरा दस फ़ुट. दूसरी पार्टी खड़ी है, रखूँ कि दे दूँ?"

"रुको भैया, पाँच मिनट!"

दहा फूट म्हणजे तीन वार आणि वर वाराचा तिसरा हिस्सा. पाव, अर्धा, पाऊण यमुनाबाईंच्या बोटांवर खेळत. या तिसऱ्या हिश्श्याला मात्र घरचे नावच नव्हते. त्यांनी वहीत मांडले. पाच आणि तीन आठ. अपूर्णांकांत वर तीन आणि एक चार, खाली चार आणि तीन सात. आठ पूर्णांक चार सप्तमांश! नऊ भरतच नाहीत.

"आई, रहने दो ना. सहावारी पहन लूँगी," देविका म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

यमुनाबाई वहीकडे पाहत राहिल्या. सातातले चार म्हणजे अर्ध्याहून जेमतेम अधिक. पाऊण वार तर आधीच पदरात होता! त्यात भर घातली, आणि झाला कमी? मग घातलेले कापड गेले कुठे? मन म्हणे आकडा खरा, शिवणारा हात म्हणे खोटा. कोणाचे ऐकावे?

त्यांनी वारभर नाडी कापली. चार घड्या घालून खडूने खुणा केल्या, मग तीन घड्या घालून केल्या. खुणा एकमेकींना भेटेनात! पावाची खूण इथे, तिसऱ्या हिश्श्याची जरा पुढे. मधल्या फटीवर त्यांनी टेप धरली. तीन इंच. तोच तुकडा पावात बसवून पाहिला, तर तीनदा बसला. तिसऱ्या हिश्श्यात चारदा. साऱ्या वारात बारा वेळा. मग पाऊणात नऊ. नऊ आणि चार तेरा! बारांचा एक वार झाला, एक तुकडा उरला.

"देविका, नऊ भरले गं! वर तीन इंच, जोडाच्या शिवणीला!"

"पक्का?"

"तूच मोज."

देविकाने बोट ठेवून मोजले. "अरे हाँ यार, आई!"

यमुनाबाईंनी फोन कानाला लावला. "ऋषभ भैया, रखना! किसी को मत देना!"

"पाँच मिनट बोला था, आंटी जी. पार्टी चाय पीकर लौट भी आई!"

"तो उनको एक चाय और पिलाओ!"

भगवंता, या माउलीची दृष्टी शाबूत ठेव, लेकीचे सौभाग्य अखंड ठेव. तिच्या सासरी अन्न पुरो, माहेरी माया पुरो, आणि दोन्ही घरांवर तुझी कृपा सदैव राहो.