डोंगरावरचा बर्फ, गोदामातला कापूस

मुंबईतल्या गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं तेव्हा मी हिमाचलात बर्फ तोलायच्या नोकरीत होते. पोकळ नळी बर्फात खुपसायची, आत अडकलेल्या बर्फाचं वजन करायचं आणि उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल ते आधीच सांगायचं. लालबागच्या आमच्या चाळीत याची फार थट्टा व्हायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बर्फच तोलायचा होता तर एवढं शिकलीस कशाला गो? भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या बर्फाला कोणीपण ठेवली असती तुला."

त्या वर्षी रजेवर आले तर आईने मला मोरीपाशीच गाठलं. मामाने बाबांसाठी अँटॉप हिलला वॉचमनची नोकरी बघितली होती. सोमवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार. बाबांचं एकच, गिरणी चालू होणार, मी कशाला दांडका घेऊन गेटवर बसू?

"तू पाण्याचं आधी सांगतेस ना," आई म्हणाली, "मग त्यांना गिरणीचं सांग. आता काही ती चालू होत नाही. माझ्या तोंडून नको, त्यांना लागेल."

बाबांचाही एक अंदाज होता. रोज जेवून ते चालत कॉटन ग्रीनला जायचे आणि गोदामांसमोर उभे राहायचे. कापसाच्या गाठी बाहेर निघाल्या की गिरण्या सुरू होणार, असं त्यांचं गणित. संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, "आज गाठी हलल्या." मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. वरचा साठा बघून खाली काय येईल ते सांगायचं, हेच तर मी पगार घेऊन करत होते. फसगतही तीच. थोडा बर्फ ऊन-वारा परस्पर नेतो, थोडं पाणी तहानलेली जमीन पिते, थोडं पलीकडच्या खोऱ्यात उतरतं. आणि "यंदा कमी" हे सांगताना आमच्या साहेबांचीसुद्धा जीभ अडखळायची.

दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर गेले. गाठी खरंच हलत होत्या. एका लॉरीच्या ड्रायव्हरला विचारलं, तर "भिवंडी" एवढंच म्हणाला. तिथल्या यंत्रमागांना सूत पुरवणाऱ्या सूतगिरण्या काही संपावर नव्हत्या. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना.

"बाबा, बर्फ दिसला म्हणून पाणी आपल्याच नदीला येतं असं नाही. यातलं आपल्या गिरणीत काही येणार नाही."

"माका ठाऊक आसा," बाबा लॉरीकडे बघतच म्हणाले. "पयल्याच दिवशी इचारलंय मी."

"मग घरी रोज ते कशाला सांगता?"

"तुझी आवस आशेवर आसा गो. तिका कायतरी सांगूक नको?"

"बाबा, आईनंच मला पाठवलंय. तुम्हाला सांगायला."

ते वळले. संपाच्या सगळ्या दिवसांत त्यांचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

"बरा," ते म्हणाले. "सोमवारी जातंय त्या कामाक."

मग आम्ही परत निघालो. बरंच चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मगे आता गिरणी चालू होतली असा म्हणणारो आमच्या घरात कोण उरलो?"