अण्णांना काठ सुचेना

डोकं चालेनासं झालेल्या माणसाचे किस्से गोळा करायला लांब जावं लागत नाही. त्याच्या शेजारी टेबल मिळालं की बास, आपोआप साठतात. माझं टेबल अण्णांच्या शेजारी होतं, माधवनगरच्या एका साड्यांच्या मिलमध्ये. अण्णा साडीचे काठ काढायचे, मी ते ग्राफ पेपरवर उतरवायचो.

आणीबाणी उठली त्या साली अण्णांना काही म्हणजे काही सुचेना. शेठनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत नवा काठ द्या, नाहीतर मी इचलकरंजीचा डिझायनर आणतो." अण्णांचा उभा जन्म त्या टेबलावर गेलेला. मला फार वाईट वाटलं.

*

अण्णांनी आधी टेबल खिडकीकडं फिरवून बघितलं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची म्हैस. आठवड्यानं नमुना विणून आला.

शेठ म्हणाले, "अण्णा, ही शिंगं कशाची?"

"काय करू? मान वर केली की तीच दिसती."

नापास! नापास तुकडा शेठ टेबलाखाली टाकायचे. अण्णा तो उचलून डब्याच्या पिशवीत घालायचे. "घरात लागतो," म्हणायचे.

*

मी मूळचा साताऱ्याचा. शहाणपणा केला आणि म्हटलं, "अण्णा, हवापालट करा. महाबळेश्वरला जाऊन या."

ऐन श्रावणात गेले बिचारे! चार दिवस धुक्याशिवाय काही दिसलं नाही. परत येऊन पांढऱ्यावर राखाडी काठ काढला. शेठनी तुकडा उजेडात धरला, उलटापालटा केला.

"काठ कुठाय?"

"त्यातच हाय. पाऊस थांबला की दिसंल."

हाही पिशवीत गेला.

*

कुणीतरी म्हणालं, साडी बायका नेसतात, त्यांनाच विचारा. अण्णांनी जेवताना वहिनींना विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "आवं, लगीन झाल्यापास्नं मिलमधली एक तरी साडी आणलीसा का? आदी आणा, मग सांगते."

अण्णा जेवून उठले. हे त्यांनीच मला सांगितलं.

*

दसरा तोंडावर आला आणि अण्णा तापानं पडले. मी बघायला गेलो, तर कॉटवर कुडकुडत होते. अंगावर वाकळ, वहिनींनी त्याच नापास तुकड्यांची शिवलेली. पायाशी म्हशीची शिंगं, त्यांना जोडून महाबळेश्वरचं धुकं, वर जुने कितीतरी तुकडे.

"संपलं रं गड्या," अण्णा म्हणाले. "डोस्क्यात कायबी न्हाई."

तेवढ्यात शेठ आले. इचलकरंजीवाला ठरला हे सांगायला आले होते, तोंडावरच दिसत होतं. कॉटच्या कडेला टेकले. वाकळीवरून हात फिरवत बसले. पायाशी आल्यावर हात थांबला. शिंगं आणि धुकं जिथं जोडलं होतं, तिथं ते वाकून बघायला लागले.

"अण्णा, असा काठ मी कधी बघितला नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "बघितलाय की. दोन्ही तुकडं तुमीच फेकल्यालं हाईत, मालक."

शेठनी चहा खाली ठेवला. "ही वाकळ मी मिलमध्ये नेतो. आजच नमुना मागावर चढवू."

अण्णांनी वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"थंडी वाजतीया, शेठ. ताप उतरला की बघू."