घरच्या माणसाचा नंबर

परळच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बकुळाबाई गमरेंनी पहिला पासपोर्ट काढला तो त्रेसष्टाव्या वर्षी. श्रीलंकेत जाऊन अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा, एवढीच इच्छा होती. लग्न केलं नव्हतं. आईवडील नायगावच्या बीडीडी चाळीतच गेले. चाळ पाडायला घेतली तशी माणसं मिळेल तिथे भाड्याने पांगली, आणि बकुळाबाई वडाळ्याला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या.

निघायच्या आठवडाभर आधी सहल नेणाऱ्या रमाकांतने सगळ्यांना दादरला एका हॉलमध्ये बोलावलं.

"गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. विमानतळावर कुणी कितीही गयावया केली तरी त्याची पिशवी हातात घ्यायची नाही. आणि पासपोर्ट, तिकीट, विमा, सगळ्यांच्या झेरॉक्स घरच्या माणसाकडे ठेवून या. तिकडे काही हरवलं, तर तोच कामाला येतो."

बकुळाबाई वहीत उतरवून घेत होत्या. शेवटच्या वाक्याला पेन थांबलं.

विम्याच्या फॉर्मवरही तोच रकाना होता. अडचणीत कुणाला कळवायचं? पुतण्या हर्षवर्धनचा नंबर त्यांनी तिथूनच लावून पाहिला. तो नंबर आता अस्तित्वात नव्हता. भाऊ गेल्यापासून येणंजाणं तुटलंच होतं.

वॉर्डात हा रकाना त्यांनी हजारदा भरला होता. "नातेवाईक कोण?" असं घाईघाईत विचारायच्या. पेशंट गप्प बसला की वैतागायच्या, मागे रांग असायची.

त्यांनी फॉर्मवर स्वतःचाच नंबर लिहिला.

"बकुळाताई, हा तर तुमचाच," रमाकांत म्हणाला.

"हो का? चुकून झालं."

"उद्या द्या. घरचं कुणीही चालेल."

संध्याकाळी त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे फ्लोरी परेरा राहायची, सत्तरीपलीकडची. दोन वर्षांत दोघींचं बोलणं लिफ्ट आणि पाणी याच्या पुढे गेलं नव्हतं. फ्लोरीने चष्मा शोधून आणला, झेरॉक्स उलटसुलट बघितल्या.

"तुजं कोन नाय?"

"आहेत. लांब असतात."

"मंग लिव माजा नंबर. पन मला ऐकू कमी येते. सांग त्यांना, लई वेळ वाजू द्या."

सहल नीट पार पडत होती. रमाकांतने सांगितलेलं एकही संकट आलं नाही. बोधिवृक्षासमोर बकुळाबाई तासभर बसल्या. एक पिवळं पान ओंजळीत पडलं, ते त्यांनी वहीत ठेवलं. संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात जो तो घरी फोन करून झाड कसं दिसलं ते सांगत होता. त्यांनीही फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोन बकुळा?"

"समोरची. वडाळ्याची."

"हां, हां! काय झालं? पासपोर्ट गेला?"

"नाही, सगळं ठीक आहे."

"मंग?"

झाडाबद्दल सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. "सहजच केला."

"बरं, बरं. उगाच बिल वाढवू नको." फोन बंद झाला.

शेजारच्या खुर्चीत सहलीतल्या मालनबाई फोनवर नातवाशी खिदळत होत्या. बकुळाबाईंनी फोन कानावरून काढला नाही. "हो, जेवले," त्या म्हणाल्या. "हो, काळजी घेते."