लंडनची कॅसेट आणि गावचं गाऱ्हाणं

"थांबा मास्तर, आता ऐका. आता ह्यो सोताच्या तोंडानं बोलतोय!" असं म्हणत तो स्टीअरिंगवर दोन बोटांनी ठेका धरायचा.

कारवारकडच्या जंगलात जोयडा ते कुंभारवाडा जीप चालवणारा हा माणूस. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आत आम्ही चौदा जण, कुणाच्या तरी मांडीवर कोंबडी, आणि पुढे दोरीनं बांधलेल्या टेपवर लंडनच्या पोरांचं रॅप! तुम्ही असता तर तुम्हीही कपाळावर हात मारला असता.

पूर्वी तो बोटीवर आचाऱ्याच्या हाताखाली होता. लंडनच्या बाजारातून त्यानं पहिली कॅसेट आणली. बोट सोडल्यावर तिथला एक मित्र पाठवत राहिला. पहिलीवर मात्र त्याचा राग. "पोरगं लंडनचं, आनि बोलतंय अमेरिकेवाल्यागत नाकात. कोन इच्यारतंय त्येला?"

आता माझा गुन्हा सांगतो.

त्याच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान होता. जत्रेत एकानं देवापुढे गावाची मागणी सांगायची आणि प्रत्येक मागणीला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हाताऱ्या बापाचा आवाज गेला, तेव्हा तो माझ्याकडे आला. मी शाळामास्तर, त्यात बेळगावकडचा, शहाणपणाला काय तोटा! झोकात लिहून दिलं, 'हे कृपासिंधो, या ग्रामावर तव वरदहस्त असो.' त्यानं ते घडाघडा म्हटलं. गाव गप्प. कुठं ओ द्यायची तेच कुणाला कळेना. शेवटी पुजाऱ्यानं कसंबसं उरकलं आणि बाप खाली मान घालून घरी गेला. मला आजही त्याची लाज वाटते.

पंच म्हणाले, "आनि एक वरीस बगू. न्हाई जमलं तर मान दुसऱ्या घराकडं."

महिनाभर तो टेपला शिवला नाही. मग पहिल्या कॅसेटवाल्या पोराचीच दुसरी कॅसेट आली, सोबत मित्राचं पत्र. तेच पोरगं आता आपल्या गल्लीत बोलतं तसंच गाण्यात बोलत होतं, आणि तिथल्या रेडिओवर अमेरिकेवाल्यांच्या जोडीनं वाजत होतं. ही बातमी त्यानं अख्ख्या जीपला तीनदा ऐकवली.

त्या दिवसापासून जीपमध्येच गाऱ्हाण्याचा सराव सुरू. कॅसेट ऐकायची, बंद करायची, मग स्वतः बोलून त्याच कॅसेटच्या उरलेल्या पट्टीवर टेप करायचं.

"मी काही मदत करू?" मी एकदा विचारलं.

"नको मास्तर. तुमी केली तेवडी लई झाली," तो हसून म्हणाला. मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

जत्रेचा दिवस आला. तो देवळापुढे उभा राहिला. बाप भिंतीला टेकून बसलेला. हा काही बोलेचना. पंचांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात त्याची दोन बोटं मांडीवर पडू लागली.

"बा देवा म्हाराजा! पावसात बस येत न्हाई. आमची अडलेली बाई दवाखान्यात खांद्यावरनं न्यावी लागती. तिला सुखरूप पोचीव रे म्हाराजा!"

बापाचे ओठ हलले, पण आवाज कुठला! आणि मग सगळं गाव एकदम ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

"गवे भात तुडवाय लागल्यात. त्यास्नी दुसरीकडं चराय धाड रे म्हाराजा!"

यावर तर लोक हसत हसत ओरडले. बाप पंच्यानं डोळे पुसत होता.

मान घरातच राहिला. तो मात्र राहिला नाही. चार वर्षांनी कावीळ झाली आणि त्यातच गेला. इतका उमदा माणूस, असा जायला नको होता. त्याच्या बायकोनं ती सरावाची कॅसेट मला आणून दिली.

लंडनच्या पोराचं गाणं संपतं. जीपची घरघर ऐकू येते आणि तो गाऱ्हाणं सांगू लागतो. सरावाचं आहे ते. प्रत्येक मागणीनंतर गावाच्या उत्तरापुरता तो थांबतो. तिथं नुसतीच घरघर.

आता बेळगावात एकटाच असलो की मी ती लावतो. तो थांबला की मोठ्यानं म्हणतो, "व्हय म्हाराजा."